सारखे की वेगळे? रोस्टॉकच्या सीलला विचारलेला रंगाचा प्रश्न

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर रोस्टॉक नावाचं बंदर आहे. तिथे बाल्टिक समुद्रात एक जुनं प्रवासी जहाज कायमचं बांधून ठेवलंय आणि त्याच्या शेजारी समुद्राच्याच पाण्यात जाळी लावून सील ठेवलेत. रोस्टॉक युनिव्हर्सिटीची मंडळी त्यांच्यावर प्रयोग करतात. प्रयोग म्हणजे सुया टोचणं वगैरे नाही, शाळाच म्हणा ना, समोर काहीतरी दाखवायचं, सीलने उत्तर द्यायचं, बरोबर आलं तर मासा, चुकलं तर मासा नाही. याच गटाने 2001 मध्ये दाखवलेलं की सीलच्या डोळ्यांवर पट्टी बांधली तरी नुसत्या मिशांच्या जोरावर तो छोट्या पाणबुडीने पाण्यात मागे सोडलेल्या खळबळीचा माग काढत जातो. 2008 मध्ये तर त्यांनी सीलसाठी पाण्यावर तरंगतं तारांगण बनवलं आणि एखादा तारा ओळखून तो त्या दिशेने पोहू शकतो हे दाखवलं. एकूण माणसं भन्नाट आहेत आणि सीलही हुशार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं प्रकरण सीलच्या हुशारीवरच उभं आहे.

प्रकरण असं: सीलला रंग दिसतात का? प्रश्न लहान मुलाचा वाटतो पण यावर पंचवीसेक वर्षं दोन बाजू होत्या, दोघांकडे पुरावा होता आणि दोन्ही पुरावे एकमेकांच्या अगदी उलट होते.

दोन पुरावे, दोन निकाल

आधी थोडं डोळ्याच्या आतलं बघू. शाळेत दंडाकार आणि शंक्वाकार पेशी म्हणून घोकलेलं आठवत असेल, इंग्रजीत त्यांना रॉड आणि कोन म्हणतात (भूमितीतला कोन नव्हे) आणि मी इथे तेच शब्द वापरतोय कारण शंक्वाकार प्रत्येक वेळी टाईप करायचा कंटाळा येतो. रॉड अंधुक उजेडात कामाला येतात, कोन भरपूर उजेडात, आणि रंग कळतात ते कोनमुळे. पण एक कोन पुरत नाही, हा इथला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एका जातीचा कोन फक्त एवढंच सांगतो की माझ्यावर किती उजेड पडला. तराजूने दोन किलो वजन दाखवलं म्हणून पिशवीत तांदूळ आहे की तूरडाळ ते कळत नाही, तसंच. तोच आकडा मंद हिरव्यानेही येईल आणि लख्ख लालनेही. रंग कळायला वेगवेगळ्या लांबीच्या लहरींना दाद देणाऱ्या किमान दोन जाती लागतात, मग मेंदू दोन्ही आकड्यांची तुलना करतो, आणि ती तुलना म्हणजेच रंग.

माणसाकडे तीन जाती आहेत. गाय, कुत्रा, घोडा, बहुतेक सस्तन प्राण्यांकडे दोन, एक निळ्या-जांभळ्या बाजूची आणि एक हिरव्या-पिवळ्या बाजूची. आणि सील, सी लायन, डॉल्फिन, व्हेल? 2001 साली लिओ पाइश्ल आणि सहकाऱ्यांनी दातवाल्या व्हेलच्या सात जाती (डॉल्फिन त्यातच आले) आणि सील-सी लायनच्या पाच जाती यांच्या रेटिना (डोळ्याच्या आतला पडदा, रॉड आणि कोन असतात तो) तपासल्या, निळ्या कोनला चिकटणारी अँटिबॉडी लावली, आणि एकातही निळा कोन सापडला नाही. त्यांचे जमिनीवरचे नातेवाईक तपासले तर त्यांच्याकडे तो व्यवस्थित होता. त्याआधी 1998 मध्ये बॉटलनोज डॉल्फिनचा तो जीन वाचून झाला होता, तर जीन जागेवर आहे पण मोडलेला, त्यातून प्रोटीन तयार होऊच शकत नाही. म्हणजे घरात स्विच आहे पण आतली वायर तुटलेली. म्हणजे गोठ्यातल्या गाईला जेवढे रंग दिसतात तेवढेही डॉल्फिनला दिसत नाहीत, आणि गाय तर डॉल्फिनची लांबची चुलत बहीण आहे, व्हेल-डॉल्फिन खुरवाल्या प्राण्यांच्याच कुळातून निघाले.

एवढ्यावर खटला संपायला हवा होता. पण दुसऱ्या बाजूला वर्तनाचे प्रयोग होते. 1992 मध्ये उल्रिके ग्रीबेल आणि आक्सेल श्मिड यांनी कॅलिफोर्निया सी लायनना शिकवून चाचणी घेतली, रंगीत पाटी आणि राखाडी पाटी समोर, रंगीत ओळखायची. सी लायननी निळं आणि हिरवं राखाडीपासून वेगळं काढून दाखवलं. फर सीलवर त्याआधीच असं काम झालं होतं, आणि याच दोघांनी 2002 मध्ये डॉल्फिनवरही चाचणी करून रंग कळतो असा निष्कर्ष काढला. आता रेटिना म्हणते नाही आणि प्राणी म्हणतो हो. अशा वेळी मला तरी प्राण्याचंच खरं वाटतं, कारण शेवटी बघणारा तो आहे, मायक्रोस्कोप नाही.

यातून वाट काढायला एक कल्पना पुढे आली आणि ती खरंच छान आहे. कोन एकाच जातीचा आहे ठीक आहे, पण रॉड आहेत की! सीलच्या रॉडची सगळ्यात जास्त दाद 490 ते 500 नॅनोमीटर लांबीच्या लहरींना, म्हणजे निळसर हिरव्याला, आणि कोनची 550 च्या आसपास, हिरव्या-पिवळ्याला. संध्याकाळच्या किंवा पाण्याखालच्या मध्यम उजेडात दोघंही चालू असतात, मग मेंदूने या दोघांचीच तुलना केली तर दोन जाती झाल्याच की. आणि हे अगदीच हवेतलं नाही, काही दुर्मीळ माणसांच्या डोळ्यात फक्त निळे कोन आणि रॉड असतात, त्यांना संधिप्रकाशात थोडेफार रंग वेगळे काढता येतात हे 1991 मध्ये दाखवलं गेलं होतं. तर सील तसंच करत असतील, असं म्हणून बराच काळ प्रकरण मिटल्यासारखं झालं.

ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवरची मॅच

इथे रोस्टॉकवाले येतात, आणि त्यांची शंका समजायला मला आमच्या घरचा जुना टीव्ही आठवतो. 1992 चा वर्ल्ड कप हा रंगीत कपड्यांमधला पहिला वर्ल्ड कप, आणि आमच्याकडे टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. तरी भारत-पाकिस्तान मॅचमध्ये कोण कुठल्या टीमचा हे कळायला कधी अडचण आली नाही, कारण आपले गडद निळ्यात म्हणजे टीव्हीवर काळपट, आणि ते फिक्या हिरव्यात म्हणजे टीव्हीवर पांढुरके. बाहेरून कुणी माझी परीक्षा घेतली असती तर मी शंभरपैकी शंभर वेळा बरोबर उत्तर दिलं असतं आणि परीक्षकाने लिहिलं असतं, मुलाला टीव्हीवर रंग दिसतात.

जुन्या प्रयोगांमध्ये या चोरीचा बंदोबस्त केला होता, नाही असं नाही. एकच राखाडी न ठेवता वेगवेगळ्या उजळपणाचे राखाडी ठेवायचे, म्हणजे एखादा तरी राखाडी त्या प्राण्याला त्या निळ्याइतकाच उजळ दिसेल आणि तिथे तो अडकेल. पण दोन राखाडींमधलं अंतर किती ठेवायचं? ते ठरतं प्राण्याला उजळपणातला किती बारीक फरक कळतो यावर. पायऱ्या त्याच्या नजरेपेक्षा मोठ्या ठेवल्या तर निळा रंग दोन पायऱ्यांच्या मधे कुठेतरी बसतो आणि प्राणी आरामात उजळपणावरूनच उत्तर देतो.

2008 मध्ये रोस्टॉकच्या गटाने नेमकं हेच मोजलं. सील उजळपणातला साधारण 14 टक्के फरक ओळखतो असं निघालं, म्हणजे जवळपास माणसाच्या तोडीचा. जुन्या प्रयोगांनी धरलं होतं त्यापेक्षा बराच बारीक. म्हणजे पायऱ्या मोठ्या पडल्या होत्या. यावरून जुने निष्कर्ष खोटे ठरले असं नाही, पण भोक होतं आणि त्यातून सील निसटू शकत होता एवढं नक्की. आणि 2015 च्या कामात त्यांनी हेही करून दाखवलं की सील रंगाची चाचणी नुसत्या उजळपणावर पास होऊ शकतो.

सीलला शब्दच शिकवला

आता खरी अडचण. समजा तुम्ही दोन रंग सीलला अगदी एकसारखे उजळ वाटतील असे बनवले आणि मग त्याला शिकवायला बसलात की यातला हिरवा निवड. त्याला रंग दिसतच नसेल तर त्याला दोन सारख्याच पाट्या दिसतायत आणि एकीवर मासा मिळतो दुसरीवर नाही, तो बिचारा दिवसेंदिवस अंदाज मारत बसणार. आणि मग शिकला नाही म्हणजे रंग दिसत नाही, की आज मूड नव्हता, की प्रश्नच कळला नाही? "जमलं नाही" यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे प्राण्यांवर काम करणाऱ्या सगळ्यांचं जुनं दुखणं आहे.

त्यावर क्रिस्टिने शोल्टिसेक, आल्मुट केल्बर आणि गिडो डेनहार्ट या तिघांनी काढलेली युक्ती मला या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. (केल्बर स्वीडनच्या लुंड युनिव्हर्सिटीच्या, पतंगांना रात्रीच्या अंधारातही रंग दिसतात हे दाखवणाऱ्या त्याच. म्हणजे "रंग दिसत नाही" असं सहजासहजी म्हणणाऱ्यातल्या नाहीत.) त्यांच्याकडे एक सील असा होता ज्याला "सारखे" आणि "वेगळे" ही कल्पनाच शिकवलेली होती. ही दोन चित्रं, ती दोन चित्रं असं पाठांतर नाही, कल्पना. दोन गोष्टी दाखवल्या की त्या सारख्या आहेत की वेगळ्या हे तो त्याच्या पद्धतीने सांगायचा, आणि 2013 मध्येच त्यांनी दाखवलेलं की एका प्रकारच्या गोष्टींवर शिकलेली ही कल्पना तो पूर्वी न दिलेल्या दुसऱ्या प्रकारच्या फरकांवरही लावतो. आता याचा फायदा बघा, तुम्हाला रंग शिकवावाच लागत नाही! सरळ विचारायचं. दोन तुकडे दाखवा, उजळपणा एक, रंग वेगळा, आणि बघा तो काय म्हणतो. दिसत असेल तर "वेगळे" म्हणेल, कारण वेगळेपणा कशात आहे याची त्याला पर्वा नाही. आणि दिसत नसेल तर तो गप्प बसणार नाही की गोंधळणार नाही, तो चक्क "सारखे" म्हणेल. नकार नाही, उत्तर. हा फरक फार मोठा आहे.

पण त्याआधी उजळपणा "एक" करायचा म्हणजे सीलच्या डोळ्याला एक, माणसाच्या नव्हे. इथे घोळ होतो. संध्याकाळी अंगणातली जास्वंद बघा कधी, दिवसा लालभडक दिसणारं फूल तिन्हीसांजेला काळपट होतं आणि दिवसा गडद वाटणारी पानं त्याच्यापुढे उजळ वाटायला लागतात. फूल बदललेलं नसतं, डोळा कोनवरून रॉडवर गेलेला असतो आणि रॉडना लाल जवळजवळ दिसत नाही. म्हणजे कुठला रंग किती उजळ हे कुठल्या पेशी कामावर आहेत त्यावर ठरतं. म्हणून त्यांनी दोन सीलना वेगवेगळ्या रंगांचा उजळपणा ताडायला लावला, हा जास्त उजळ की तो, आणि त्यातून सीलच्या नजरेची मोजपट्टी काढली.

आणि या तयारीच्या कामातच मोठी बातमी निघाली. सीलची मोजपट्टी पूर्ण रॉडची होती. ज्या उजेडात बाकीच्या सस्तन प्राण्यांचे रॉड आणि कोन दोन्ही चालू असतात त्या उजेडात सील फक्त रॉडने बघत होते. म्हणजे रॉड आणि कोनची तुलना करून रंग काढण्याची जी छान कल्पना होती, ती निदान त्या उजेडात तरी बसत नाही, कारण तुलनेला दुसरी बाजूच हजर नाही.

मग मुख्य चाचणी झाली. उजळपणा सारखा, रंग वेगळे. सीलने उत्तर दिलं, सारखे.

आता माझं मत विचाराल तर हा एका सीलचा निकाल आहे हे विसरता येत नाही, कल्पना शिकलेला सील एकच होता आणि असे सील काही रस्त्यावर मिळत नाहीत. सी लायनवर हीच चाचणी केल्याशिवाय 1992 चं काम थेट खोडलं असंही म्हणणार नाही. पण रेटिना, जीन आणि आता खुद्द सीलची जबानी, तीनही एकाच दिशेला बोट दाखवतायत, आणि जुन्या उलट पुराव्यातलं भोकही सापडलंय. मी जज असतो तर फाईल बंद केली असती.

मग हा डोळा कशासाठी बनलाय

रंग नाही म्हटल्यावर लोकांना वाटतं डोळा कच्चा. उलट आहे. हा डोळा रंग सोडून बाकी सगळ्यात पैसे घातलेला डोळा आहे.

पाण्याखाली डोळे उघडून बघितलंय ना, विहिरीत पोहायला शिकताना सगळ्यांनीच बघितलंय, सगळं धूसर. कारण आपल्या डोळ्यात किरण वाकवायचं मोठं काम पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, करतो आणि तो हे काम हवा आणि डोळा यांच्यातल्या फरकावर करतो. बाहेर पाणीच असलं तर फरक उरत नाही आणि कॉर्निया जवळपास बेकार होतो. गॉगल लावला की मधे हवा येते आणि परत स्वच्छ दिसतं. सील आणि डॉल्फिननी कॉर्नियाचा नाद सोडला आणि माशासारखं जवळजवळ गोल भिंग घेतलं, पाण्यात तेवढंच पुरतं. पण मग बाहेर आल्यावर उलटी पंचाईत, गोल भिंग अधिक परत कामाला लागलेला कॉर्निया, म्हणजे जबरदस्त मायनस नंबर. त्यावर उपाय बाहुलीचा. सीलची बाहुली उन्हात आवळून उभी बारीक फट आणि शेवटी टाचणीच्या टोकाएवढी होते. चष्मा विसरल्यावर लोक मुठीतल्या बारीक भोकातून बसचा नंबर वाचतात ना, तीच ट्रिक. डॉल्फिनची बाहुली याहून मजेशीर, वरून एक झडप खाली येते, आधी यू आकार होतो आणि मग दोन टोकांना दोन बारीक फटी उरतात. लुइस हरमन यांच्या गटाने हवाईमध्ये काम करून 1975 मध्येच दाखवलं होतं की या दोन फटींमुळे डॉल्फिनला लख्ख उजेडात हवेत आणि पाण्यात जवळपास सारखंच स्पष्ट दिसतं. फार भारी वाटतं मला हे, एकच डोळा, दोन दुनिया, चष्मा शून्य.

मग उजेड. एलिफंट सील शेकडो मीटर खाली जातात. रोनाल्ड शुस्टरमन आणि डेव्हिड लेव्हनसन यांनी नॉर्दर्न एलिफंट सीलची बाहुली मोजली, उन्हात 0.9 चौरस मिलिमीटर, अंधारात 422. चारशेपटीहून जास्त फरक. आपली बाहुली सोळा-वीस पटीपलीकडे जात नाही. आणि अंधाराला सरावायला आपल्याला वीस मिनिटांच्या वर लागतात, थिएटरमध्ये उशिरा गेल्यावर लोकांच्या पायावर पाय देत जातो आपण, एलिफंट सीलला सहाएक मिनिटं पुरतात. त्याची टाचणीएवढी बाहुली वर पृष्ठभागावर असताना रेटिनाला सावलीतच ठेवते, म्हणजे बुडी मारायच्या आधीच अर्धी तयारी झालेली.

रेटिनाच्या मागे चकाकणारा थर, मांजराच्या डोळ्यात रात्री दिसतो तोच, एकदा निसटलेला उजेड परत रॉडवर फेकणारा. आणि रॉडच्या आतलं द्रव्यसुद्धा खोलीनुसार ट्यून केलेलं. जमिनीवरच्या प्राण्यांच्या रॉडची दाद साधारण 500 नॅनोमीटरला, बॉटलनोज डॉल्फिनची 488 ला, आणि एलिफंट सीलची 485 च्या आसपास, म्हणजे खोल समुद्रात जी निळी लहर सगळ्यात लांबवर पोचते तिच्याकडे सरकलेली. हे सदर्न एलिफंट सीलमध्ये 1970 मध्येच सापडलं होतं, सस्तन प्राण्याच्या डोळ्यात खोल समुद्रातल्या माशाचं द्रव्य, तेव्हा लोक चाट पडले होते. हे व्हायला प्रोटीनमधली दोन-तीन अमिनो आम्लं बदलली की भागतं.

उरला प्रश्न कोनचा, रंग नाही तर कोन ठेवलेत कशाला? आहेतही थोडेच, व्हेल-डॉल्फिनच्या रेटिनात शंभरातला एखादाच. खडकावर, बर्फावर ऊन खात पडलेल्या सीलला रॉड एकट्याने पुरणार नाहीत, लख्ख उजेडात रॉड भरून जातात, तिथे कोन हवेतच, हे एक सरळ उत्तर. आणि काहींनी तर तेही सोडलेत. 2013 च्या जीनच्या अभ्यासात स्पर्म व्हेल, बीक्ड व्हेलची एक जात, राइट व्हेल आणि ब्लू व्हेलचं सगळं कुटुंब यांच्यात उरलेल्या एका कोनचा जीनसुद्धा मोडलेला निघाला. फक्त रॉड. जगातला सगळ्यात मोठा प्राणी कायम तिन्हीसांजेच्या डोळ्याने बघतो.

निळाच का गेला

समुद्र निळा आणि समुद्रात राहणाऱ्यांचा नेमका निळा कोन गेलेला. उलटं नाही का वाटत? मलाही वाटलं होतं. पण मग तारकर्लीला स्कूबा केलेलं आठवलं. फोटोवाल्याने दिलेले फोटो सगळे हिरवे, निळे नाहीत, शेवाळी हिरवे, आणि लाल स्विमिंग कॉश्च्यूम चॉकलेटी. लाल उजेड पहिल्या काही मीटरमध्येच संपतो हे सगळ्या पाण्यात खरं, पण निळा सगळ्यात लांब जातो हे फक्त भर समुद्रातल्या स्वच्छ पाण्यात खरं. किनाऱ्याजवळ नद्यांनी आणलेला पालापाचोळ्याचा पिवळट अर्क असतो, शेवाळ असतं, हे दोघंही निळा उजेड आधी खातात, उरतो हिरवा. अशा पाण्यात निळा कोन म्हणजे पावसाळ्यात सोलर पॅनल, आहे पण उपयोग काय.

पाइश्ल आणि मंडळींचा तर्क हाच, व्हेल आणि सील यांचे पूर्वज आधी किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात राहिले, तिथे निळा कोन बिनकामाचा झाला, जीन मोडला तरी कुणाचं काही अडलं नाही, आणि पुढे त्यांचे वंशज भर समुद्रात गेले तोवर उशीर झाला होता, मोडलेला जीन परत जुळत नाही. व्हेलच्या बाबतीत याला आपल्याकडचा एक दुवा आहे. व्हेलचे सगळ्यात जुने पूर्वज भारत-पाकिस्तानातच सापडतात, आणि कच्छमध्ये सापडलेला कच्छिसेटस हा त्यातलाच, 2000 साली सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी नाव दिलेला. त्याच्या कुळातल्या प्राण्यांचे डोळे लहान होते, गढूळ उथळ पाण्यात राहणाऱ्याचे असावेत तसे. कच्छची किनारपट्टी आजही तशीच आहे म्हणा.

तर्क पटतो पण एक धागा लोंबकळतो. मॅनाटी, म्हणजे आपल्या पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि अंदमानात राहणाऱ्या डुगाँगचा अमेरिकन भाऊबंद, आयुष्यभर गढूळ उथळ पाण्यातच गवत खात फिरतो, आणि त्याच्याकडे दोन्ही कोन शाबूत आहेत, निळं-हिरवं वेगळं ओळखतोही. सी ऑटर आणि पांढऱ्या अस्वलाचेही दोन्ही कोन शाबूत. सी ऑटर पाण्यात नवीन आहे, अस्वल अर्धा वेळ बर्फावर, त्यांचं समजू शकतो. पण मॅनाटीचे पूर्वज व्हेलइतकेच जुने दर्यावर्दी आहेत. तर नुसतं गढूळ पाणी हे कारण पुरत नाही, कदाचित दिवसा उथळ पाण्यात चरणाऱ्याला आणि अंधारात शिकार करणाऱ्याला वेगळे हिशेब लागत असतील. हा माझा अंदाज, सिद्ध झालेलं नाही.

लाल दोरी

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग काय करायचं या माहितीचं. तर अमेरिकेच्या केप कॉड बेमध्ये याचा थेट उपयोग झालाय. तिथले राइट व्हेल खेकडे-लॉब्स्टरच्या सापळ्यांच्या दोऱ्यांत अडकून मरतात आणि जात आधीच संपत आलेली आहे. स्कॉट क्रॉस, जेफ्री फासिक आणि सहकाऱ्यांनी पाण्यात वेगवेगळ्या रंगांच्या नकली दोऱ्या सोडून व्हेल कुठल्या दोरीला किती लांबून बघून वळतात ते मोजलं. लाल आणि नारिंगी दोऱ्या हिरव्यापेक्षा लांबून दिसल्या.

फक्त रॉड असलेल्या प्राण्याला लाल दोरी आधी दिसते हे ऐकून मी जरा थांबलोच. पण जास्वंद आठवली की लागतं लगेच. व्हेलला लाल "लाल" दिसतच नाही, काळं दिसतं, आणि मागे पाणी निळसर हिरवं उजळलेलं, त्यावर काळी रेघ. हिरवी दोरी मात्र पाण्याइतकीच उजळ, म्हणून मिसळून जाते. त्यांचं खाणं, कोपेपॉड नावाचे बारीक जीव, तेही लालसरच असतात, म्हणजे उजळ पाण्यावर काळे ठिपके शोधायचं काम हा डोळा रोजच करतो.

मालवणला डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होडीत आपल्या अंगात जे नारिंगी लाइफ जॅकेट असतं तेही डॉल्फिनला असंच, गडद राखाडी काहीतरी दिसत असणार, त्याचा कोन 524 नॅनोमीटरला सगळ्यात तल्लख, नारिंगीपर्यंत त्याची दाद पार ओसरलेली. माणसांना लांबून उठून दिसावं म्हणून निवडलेला रंग.

दोरीच्या उपायाला एक मर्यादा मात्र आहे आणि ती डोळ्याची नाही. काळी रेघ दिसायला मागे उजळ पाणी लागतं. दिवसा, वरच्या थरात, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असताना ठीक. रात्री दोरी लाल असो की हिरवी, मागे उजेडच नाही तर ती काळी दिसणार कशावर.